साखर उतरण्याची धास्ती

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाची साखर रात्री झोपताना २५० दिसली, तर घरातले एक सुस्कारा सोडतात आणि दिवा मालवतात. तीच ९० दिसली की आईची झोप उडते. पुस्तकाप्रमाणे हे उलट व्हायला हवे. पण २५० ने जे बिघडते ते काही वर्षांनी, डोळ्यांत आणि मूत्रपिंडांत. साखर उतरली तर मूल आज रात्रीच बेशुद्ध पडू शकते. म्हणून गिरगावातल्या फणसवाडीच्या चाळीत काय किंवा लालबागच्या नव्या टॉवरमध्ये काय, अनेक घरे गुपचूप एक तडजोड करतात. रात्रीचे इन्सुलिन दोन युनिट कमी आणि वर एक कप दूध जास्त. पुढे ओपीडीत तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा पाहून डॉक्टर रागावतात. त्या रागावण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण प्रश्न शिस्तीचा नसून भीतीचा असतो.

आणि ही भीती खुळचट नाही. निरोगी माणसाची साखर उतरू लागली की स्वादुपिंड इन्सुलिन थांबवते आणि ग्लुकागॉन हे साखर चढवणारे संप्रेरक सोडते. टाइप वनमध्ये सुईने टोचलेले इन्सुलिन परत बोलावता येत नाही आणि आजार काही वर्षांचा झाला की ग्लुकागॉनही वेळेवर धावून येत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांच्या गाजलेल्या अभ्यासाने दोन्ही बाजू दाखवल्या: साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत डोळ्यांचे आणि मूत्रपिंडांचे विकार खूपच कमी झाले, पण साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग जवळपास तिप्पट झाले. तेव्हाची इन्सुलिने आजच्यापेक्षा बेभरवशाची होती, हेही खरे. झोपेत मृत्यू आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. त्या विरळ आहेत, पण विरळ म्हटल्याने आईचे समाधान होत नाही.

या भीतीची खोड अशी, की ती हुबेहूब साखर उतरल्यासारखीच दिसते. दरदरून घाम, धडधड, हातांची थरथर ही सारी ॲड्रिनॅलिनची कामे. परीक्षेच्या हॉलमध्ये घाबरलेल्या मुलालाही तेच होते आणि साखर ६० झालेल्यालाही तेच. मनाला विचारून याचा निवाडा होत नाही, बोटाला टोचून होतो. ७० च्या खाली असेल तर लगेच साखर घ्यायची. ग्लुकोमीटर जवळ नसेल, तर आधी साखर आणि मग शंका.

उलट प्रकार जास्त घातक. साखर वारंवार उतरत राहिली की शरीर इशारा देणेच सोडून देते. ‘मला हल्ली काही होतच नाही’ असे बिनधास्त सांगणाऱ्या रुग्णाची काळजी थरथरणाऱ्यापेक्षा अधिक करावी लागते. दिलासा एवढाच, की काही आठवडे साखर कटाक्षाने खाली जाऊ दिली नाही, तर हरवलेला इशारा बऱ्याच जणांत परत येतो. त्यासाठी साखरेचे लक्ष्य काही काळ थोडे वर ठेवावे लागते. म्हणजे घरात चोरून चाललेली तडजोड डॉक्टरांशी बोलून, मोजूनमापून, ठरावीक मुदतीपुरती करता येते. दोन युनिट कमी केल्याचे ओपीडीत सांगून टाकावे ते याचसाठी.

चाळीत एक सोय टॉवरपेक्षा मोठी आहे: हाक मारली की गॅलरीतून चार माणसे धावतात. ती धावतात ती मात्र पेढा घेऊन. पेढ्यातल्या किंवा चॉकलेटातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते. मूल शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही. कुशीवर वळवायचे, घरात ग्लुकागॉनचे इंजेक्शन असेल तर द्यायचे आणि लगेच १०८ ला फोन करायचा. शेजारच्या काकूंना हे शिकवायला दहा मिनिटे पुरतात आणि त्यानंतर आईला चर्नी रोडहून निर्धास्तपणे कामाला जाता येते.

पाडव्याच्या शोभायात्रेआधी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की वेगळा हिशेब. कमरेला ढोल बांधून दोन तास वाजवले तर साखर तिथेच उतरेल असे नाही; ती मध्यरात्रीनंतरही उतरते. अशा दिवशी इन्सुलिनचा डोस किती कमी करायचा हे आधी विचारून ठेवावे आणि रात्री तीनचा गजर लावून एकदा तपासावे. गजर रोज नको, अशाच रात्रींपुरता. दंडावर चिकटवायचा सेन्सर साखर उतरताच मोबाइलवर भोंगा वाजवतो, पण चौदा दिवसांच्या एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात. शिवाय उठसूट वाजणारा भोंगा काही घरांत धास्ती वाढवतो. मर्यादा विचारपूर्वक ठरवून घ्यावी.

सीबीएसईने २०१७ साली टाइप वनच्या मुलांना परीक्षेत गोळ्या, फळे आणि खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली. पण त्यासाठी आजार शाळेला सांगावा लागतो आणि घोडे तिथेच अडते. ज्या चाळीत कोणाकडे काय शिजले हेही लपत नाही, तिथे मुलीचा मधुमेह मात्र लपवला जातो, पुढे लग्नात अडचण नको म्हणून. मग हरतालिकेला ती इतर मुलींसोबत निर्जळी उपास धरते, सकाळी नेहमीचाच डोस घेते आणि दुपारी मैत्रिणींत चक्कर आली तर ती का आली, हे तिथे कोणालाच माहीत नसते.