पेट्रोलचा काटा: रूढ समज आणि वस्तुस्थिती

परभणीहून गंगाखेडकडे जाताना श्रीनृसिंहाचे जे पोखर्णी क्षेत्र लागते, तेथे वैशाखातील नृसिंह जयंतीस, म्हणजे मराठवाड्याच्या ऐन उन्हाळ्यात, ज्याला आपली जुनी मोटार घेऊन जावयाचे आहे, त्याला टाकीत पेट्रोल किती उरले याची खात्री असलीच पाहिजे. आणि तरीही हौसेने फेरफार केलेल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत सर्वांत शेवटी आणि सर्वांत अल्प विचाराने बसविले जाणारे उपकरण कोणते, असे विचारल्यास पेट्रोलच्या काट्याकडेच बोट दाखवावे लागते. याचे कारण त्या उपकरणाची किंमत नव्हे, तर त्याच्याविषयी रूढ झालेले समज होत.

पहिला समज असा, की काटा खोटे दाखवू लागला म्हणजे मीटर बिघडले, ते काढून दुसरे बसविले की काम झाले. वस्तुतः डॅशबोर्डावरचे मीटर हे या यंत्रणेचे अर्धे अंग आहे. दुसरे अर्धे अंग टाकीत असते, आणि ते म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटच्या दांडीबरोबर आपला विद्युतरोध बदलणारे टँक युनिट. मीटर पेट्रोल मोजत नाही, ते केवळ हा रोध वाचते. जुन्या ब्रिटिश स्मिथ्स मीटरांसाठी टाकी रिकामी असता सुमारे 250 ओहम आणि भरलेली असता सुमारे 20 ओहम असा रोध लागतो. युरोपीय व्हीडीओ पद्धतीत हा क्रम नेमका उलटा, रिकामीस 10 आणि भरलेलीस 180 ओहम. तर अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या गाड्यांत तो दीर्घकाळ शून्यापासून 90 ओहमपर्यंत होता. स्मिथ्सच्या मीटरास व्हीडीओचे टँक युनिट जोडले, तर टाकी कोरडी पडत असताना काटा ‘भरलेली’ या खुणेकडे चढत जाईल, आणि यात दोन्ही उपकरणांपैकी एकही नादुरुस्त असणार नाही.

आपल्याकडे असे बेमेळ जोड होण्यास ऐतिहासिक कारणही आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने 1961 पासून ब्रिटनच्या ट्रायंफ हेरॉल्डची भारतीय आवृत्ती काढली, आणि त्याच हेरॉल्डच्या आखूड केलेल्या सांगाड्यावर ब्रिटनमध्ये 1962 साली ट्रायंफ स्पिटफायर ही दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी उभी राहिली. इकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून इटालियन घडणीची फियाट 1100 बाहेर पडत होती. सुटे भाग दुर्मिळ झाल्यावर एका वंशाचे मीटर, दुसऱ्या वंशाचे टँक युनिट आणि गॅरेजात पत्रा वाकवून केलेली टाकी एकाच गाडीत येणे क्रमप्राप्त झाले. म्हणून खरेदीपूर्वी मल्टिमीटरने टँक युनिटचा दोन्ही टोकांचा रोध मोजावा आणि तो मीटराच्या मागणीशी ताडून पाहावा. ही तपासणी काही मिनिटांची आहे, परंतु तिच्यावाचून पुढील सर्व श्रम व्यर्थ होत.

दुसरा समज अर्थिंगविषयी आहे. टाकी लोखंडी आहे, ती गाडीला बोल्टांनी आवळली आहे, तेव्हा अर्थ आपोआप मिळतोच, असे मानले जाते. प्रत्यक्षात टाकीखाली रबराच्या पट्ट्या असतात, पृष्ठभागावर रंगाचा थर असतो, आणि फायबरची टाकी तर विद्युत्प्रवाह मुळीच वाहून नेत नाही. सदोष अर्थने मार्गातील रोध वाढतो, आणि स्मिथ्स पद्धतीत काटा खरे आहे त्याहून कमी दाखवू लागतो. टँक युनिटच्या चकतीपासून सांगाड्यापर्यंत स्वतंत्र तार नेणे हा याचा एकमेव विश्वसनीय बंदोबस्त होय.

पेट्रोल आणि तापमान यांचे काटे एकाच वेळी वाजवीपेक्षा वर जात असतील, तर टाकीला दोष देण्यात अर्थ नाही. 1960 च्या दशकातील अनेक ब्रिटिश गाड्यांत हे दोन्ही काटे तप्त होऊन वाकणाऱ्या द्विधातू पट्टीवर चालत, आणि बॅटरीचा दाब कमीजास्त झाला तरी त्यांना सरासरी 10 व्होल्टच मिळावेत म्हणून एक व्होल्टेज स्टॅबिलायझर योजलेला असे. हौशी कारागीर ती लहानशी डबी निरुपयोगी समजून काढून टाकतात आणि मीटरास थेट 12 व्होल्ट देतात; मग काटा सदैव आशावादी राहतो. नवा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर घेताना मात्र गाडीचा धन ध्रुव अर्थला आहे की ऋण, हे आधी पाहावे, कारण जुन्या यांत्रिक डबीला जो भेद कळत नसे, तो याला कळतो.

सर्वांत घातक समज असा, की काम करण्यापूर्वी टाकी रिकामी केली म्हणजे भय संपले. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असते, तेव्हाच ती पेट घेते; पेट्रोल असलेल्या बंद टाकीत तिचे प्रमाण बहुधा याच्या कितीतरी वर असते, परंतु रिकामी करून उघडी ठेवलेली टाकी वाफ विरत जाताना नेमकी याच मर्यादेत येते. अशा टाकीला झाळ लावणे किंवा वेल्डिंग करणे म्हणजे प्राणाशी खेळणे होय. उघड्या जागी काम करावे, बॅटरी आधी सोडवावी, आणि टँक युनिटला बॅटरीची तार थेट लावून ‘चालते का’ हे कदापि पाहू नये.

जुना फ्लोट बुचाचा असेल आणि त्यावर लाखेचा लेप असेल, तर तो बदलावाच. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि 2023 पासून आपल्या पंपांवर आलेल्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. लेप गेला की बूच पेट्रोल शोषून जड होते व बुडू लागते. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत द्रव खळखळला तर त्याचा सांधा फुटला आहे.

काटा बदलल्याने गाडीची व्हिंटेज नोंदणी अडेल, ही भीतीही निराधार आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मोटारीस व्हिंटेज दर्जा मिळण्यास सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत केलेला फेरफार आड येतो. पेट्रोलच्या काट्याचा तेथे उल्लेख नाही.

उरला शेवटचा समज, की काटा मध्यावर आला म्हणजे अर्धी टाकी उरली. फ्लोट उंची जाणतो, आकारमान नव्हे. तळाशी निमुळती झालेली टाकी मध्यावरच्या काट्यानंतर फार लवकर संपते. याकरिता फ्लोटची दांडी टाकीच्या खोलीप्रमाणे वाकवून घ्यावी, गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, टाकीत पाच-पाच लिटर मोजून ओतावे आणि प्रत्येक वेळी काट्याची जागा कागदावर टिपून तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. ही मोजदाद पूर्ण झाल्यावाचून कोणी फेरफार केलेली गाडी घेऊन लांबच्या रस्त्यास लागू नये, अशी माझी सर्व हौशी मोटारधारकांना आग्रहाची विनंती आहे.