महाविद्यालयीन संकेतस्थळे : रंगविरोध आणि मजकुराची वाचनीयता

प्रस्तावना :
प्रवेशाची अंतिम तारीख, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती इत्यादी सूचना आज विद्यार्थ्यांपर्यंत प्रामुख्याने महाविद्यालयाच्या संकेतस्थळामार्फत पोहोचतात. महत्त्वाची सूचना पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत देण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. ती लक्ष वेधून घेते. परंतु अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्यास ती वाचता येते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रंगांची निवड ही केवळ अभिरुचीची नव्हे, तर मोजता येणारी बाब आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रंगविरोधाचे मोजमाप :
वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ मध्ये 'वेब कंटेंट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स २.०' ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार उजळ व गडद अशा दोन्ही रंगांच्या सापेक्ष तेजस्वितेत प्रत्येकी ०.०५ मिळवून पहिल्या संख्येस दुसरीने भागले असता रंगविरोधाचे, म्हणजेच कॉन्ट्रास्टचे, गुणोत्तर मिळते. ते १:१ पासून २१:१ पर्यंत असते. सामान्य मजकुरासाठी किमान ४.५:१, तर १८ पॉइंट किंवा त्याहून मोठ्या अक्षरांसाठी ३:१ गुणोत्तर आवश्यक मानले आहे. सुमारे ६/१२ इतकी क्षीण झालेली दृष्टी गृहीत धरून ४.५ ही मर्यादा निश्चित केलेली आहे.

या कसोटीवर पिवळ्यावरील शुद्ध लाल अक्षरांचे गुणोत्तर केवळ ३.७ भरते, त्याच पट्टीवर काळी अक्षरे घेतल्यास ते १९.६ होते. पांढऱ्यावरील शुद्ध लाल रंगही ४.० वरच थांबतो. करड्या रंगाच्या ७७७७७७ आणि ७६७६७६ या दोन छटा डोळ्यांना सारख्याच भासतात; मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर पहिली ४.४८ मुळे अनुत्तीर्ण, तर दुसरी ४.५४ मुळे उत्तीर्ण ठरते. म्हणूनच डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणे योग्य नव्हे.

देवनागरी मजकूर :
अनुस्वार, रफार व मात्रा ही देवनागरीतील सूक्ष्म चिन्हे होत. 'चिंता' आणि 'चिता' यांत एका बिंदूचेच अंतर आहे. फिकट रंगात व बारीक वळणाच्या टंकात ही चिन्हे सर्वप्रथम दिसेनाशी होतात. त्यामुळे मराठी मजकुरासाठी ७:१ हे अधिक कठोर प्रमाण स्वीकारणे इष्ट ठरेल.

केवळ रंगावर अर्थ सोपवू नये, हाही याच तत्त्वांतील निकष आहे. गुणवत्ता यादीत निवड हिरव्या व नकार लाल रंगाने दर्शविल्यास रंगांधळेपणा असलेल्या विद्यार्थ्यास स्वतःचा निकाल कळत नाही. रंगासोबत 'निवड' किंवा 'प्रतीक्षा यादी' असे शब्द लिहिल्यास ही अडचण दूर होते.

समारोप :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम स्वरूपात उपलब्ध करण्याची जबाबदारी शासनावर सोपविलेली आहे. महाविद्यालयांनी त्यासाठी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. गुणोत्तर तपासणारी साधने विनामूल्य उपलब्ध आहेत आणि रंग बदलण्यास वेगळा निधी लागत नाही. न वाचता आलेल्या सूचनेमुळे एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश हुकला, तर मात्र त्याचे एक शैक्षणिक वर्ष वाया जाते. म्हणून प्रत्येक सूचना प्रसिद्ध करण्यापूर्वी ही तपासणी नियमित कामकाजाचा भाग व्हावी.