सी ड्राइव्ह लाल झाला तेव्हा

मंडळी, आमच्या विंगमध्ये रात्री मेसहून आल्यावर काउंटर-स्ट्राइक २ चालतं, हे आता रेक्टर सरांनाही ठाऊक आहे. तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही. गेल्या सेमिस्टरला माझा लॅपटॉप मात्र ऐन वेळी दगा द्यायचा. कोपऱ्यावरून वळलो की चित्र अर्धा-एक सेकंद गोठायचं आणि पुन्हा हललं की मी मेलेला असायचो. दुकानदार म्हणाला, "आता नवीनच घ्या." मी आईला फोन करून विषय काढलाही. आई म्हणाली, "बाबांशी बोलते," आणि मग जरा वेळ काहीच बोलली नाही. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदाच वाटलं, आपण इंजिनिअर होणार म्हणतो, तर आधी बघूया तरी नेमकं काय बिघडलंय.

माझं मशीन असं: ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, २५६ जीबीची एसएसडी. विंडोज ती २३८ दाखवतं. (चोरी झालेली नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.) त्यात मोकळी जागा ६ जीबी. सी ड्राइव्हची पट्टी कधीपासूनच लाल होती, पण लाल दिव्याला थांबायची सवय आपल्याला कुठे आहे!

'गेम स्लो आहे' म्हणताना आपण दोन वेगळे आजार एकत्र करतो. सगळा वेळ सारख्याच कमी फ्रेम येत असतील, तर तो प्रोसेसर-ग्राफिक्सचा कमीपणा. तिथे डिस्क धुऊन पुसून काढली तरी फरक पडणार नाही. पण एरवी बरा चालतो आणि मध्येच आचके देतो, याचा अर्थ बहुधा माल वेळेवर पोचत नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि गेम अडखळतो तेव्हा काय होतं ते पाहा. माझ्याकडे मेमरी ९५ टक्के आणि डिस्क १०० टक्के.

कारण असं. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्सही त्याच ८ जीबीतून आपला वाटा उचलतं. रॅम पुरेना की विंडोज तिच्यातलं काही सामान डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं. ही फाइल गरजेप्रमाणे वाढते, पण वाढायला जागा हवी ना! शिवाय एसएसडीत जुन्या मजकुरावर थेट नवं लिहिता येत नाही. लिहिणं छोट्या पानांत होतं, पण पुसायचं तर पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. डिस्क गच्च भरली की आधी कामाची पानं दुसरीकडे हलव, मग ब्लॉक पूस, मग लिही, असा खटाटोप चालतो. आपल्या खोलीत चौथा पाहुणा झोपायला आला की कपाट सरकवताना जे होतं, तेच.

इथे माझा गाढवपणा सांगतो. एका सीनिअरने जागा वाचवायला पेजफाइलच बंद करायला सांगितली आणि मी केली. सबमिशनच्या आदल्या रात्री मागे रिपोर्ट उघडा ठेवून "एकच मॅच" म्हणून बसलो. रॅम संपली, गेम बंद पडला, आणि जाताना सेव्ह न केलेलं अख्खं चॅप्टर घेऊन गेला. पहाटे चारपर्यंत परत टाइप केलं. पेजफाइल 'सिस्टिम मॅनेज्ड'वरच राहू द्या.

मग नीट साफसफाई केली. स्टोरेज सेटिंगमधून टेम्पररी फाइल्स आणि मागच्या अपडेटचं जुनं विंडोज काढलं. डाउनलोड्समध्ये सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर तीन-तीन प्रतींत सापडले. हायबरनेशन बंद केल्यावर सुमारे ३ जीबी सुटले. त्यात फास्ट स्टार्टअपही जातं, पण मला चाललं. सिनेमे आणि लेक्चरची रेकॉर्डिंग्ज एक्स्टर्नल डिस्कवर नेली. गेम मात्र तिथे हलवू नका. फिरत्या तबकडीच्या डिस्कला हवी ती जागा शोधायला काही मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा छोटासा अंश. विंडोज फोल्डरमध्ये हाताने काही डिलीट करू नका. आणि एसएसडीवर जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग करायला सांगणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

४७ जीबी मोकळे झाले. सरासरी फ्रेम होत्या तितक्याच राहिल्या, हे प्रामाणिकपणे सांगतो, पण आचके जवळजवळ गेले. पुढे रॅमची दुसरी पट्टी टाकायची आहे. एक स्लॉट रिकामा आहे आणि दोन पट्ट्यांमुळे ग्राफिक्सलाही मेमरी वेगाने मिळते. त्याचे पैसे मेस रिबेटमधून साठवतोय.

आईला फोन करून सांगितलं, लॅपटॉप राहू दे. तिने विचारलं, "का रे, काय झालं होतं त्याला?" म्हटलं, "कचरा साठला होता." ती म्हणाली, "तुझ्या खोलीसारखाच म्हणजे."