प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपुढे गर्दी लोटते, त्याच सुमारास बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांची वाट धरतात. ज्या घरात एखादं पोर बी.ए., बी.कॉम. झालं आहे, तिथे आईबापांची एकच इच्छा असते: याच्या हाती कोयता येऊ नये. टीव्हीवरची एचआर, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या, सर्टिफिकेटची जाहिरात नेमकी या इच्छेला हात घालते. काचेची इमारत, टाय लावलेला तरुण, काही महिन्यांत एचआर होण्याचं आश्वासन, आणि तेच मालिकेच्या दर ब्रेकमध्ये. सतत कानावर पडलेलं खरं वाटू लागतं. त्यातून घट्ट झालेले काही गैरसमज आधी दूर केले पाहिजेत.

‘हे सर्टिफिकेट नसेल तर एचआरमध्ये घेत नाहीत.’
डॉक्टरला वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला बार कौन्सिलची सनद. एचआरसाठी भारतात असं कुठलंही वैधानिक मंडळ नाही. कंपनी आपल्या गरजेप्रमाणे माणूस निवडते. या क्षेत्रातल्या एका पदाची पात्रता मात्र कायद्याने बांधलेली आहे, ते म्हणजे कामगार कल्याण अधिकारी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तो नेमावाच लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत हा आकडा २५० आहे. त्याची पात्रता सरकारी नियमांनी ठरते आणि तिथे मान्यताप्राप्त शिक्षणच विचारतात. अशा शिक्षणासाठी मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने राज्य सरकारची श्रम विज्ञान संस्था आहे, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. भारतातल्या कामगार चळवळीचे जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोखंड्यांच्या नावाची संस्था मराठवाड्यातल्या किती पदवीधरांना ठाऊक आहे? तिची जाहिरात मालिकेच्या ब्रेकमध्ये लागत नाही, एवढंच.

‘पडद्यावर सरकारमान्य लिहिलंय.’
ट्रस्टची नोंदणी, उद्यम नोंदणी, आयएसओ प्रमाणपत्र यांपैकी काहीही म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायद्याने विद्यापीठांना आणि तशाच अधिकृत संस्थांना आहे. खासगी संस्थेच्या पीजीडीएमला एआयसीटीईची मंजुरी लागते. कौशल्य अभ्यासक्रम असेल, तर तो एनसीव्हीईटी या व्यावसायिक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या चौकटीत कितव्या पातळीवर बसतो, हे विचारा. उत्तर टाळलं, तर समजून घ्या.

‘आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट एकदा मिळालं की जन्माची सोय.’
अमेरिकेची ‘एसएचआरएम’ ही १९४८ साली सुरू झालेली एचआर व्यावसायिकांची संघटना. तिची प्रमाणपत्रं जगभर मानली जातात, पण त्यांची मुदत तीन वर्षांची असते. नूतनीकरणासाठी त्या काळात ६० क्रेडिट जमवावे लागतात, नाहीतर पुन्हा परीक्षा. अनुभवी माणसाला त्यांचा उपयोग होतो. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाने कर्ज काढून त्यांच्यामागे लागावं, असं मला वाटत नाही.

‘एवढी जाहिरात करतात, म्हणजे संस्था भक्कम असणार.’
२०१९ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर बायजूज या ऑनलाइन शिकवणी कंपनीचं नाव झळकलं. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीविरुद्ध, क्रिकेट मंडळाच्याच थकबाकीपोटी, दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. जाहिरातीवरून खर्च किती झाला ते कळतं, शिकवतात कसं ते कळत नाही.

नोकरीच्या हमीचंही तसंच. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे मुलाखतीला पाठवणं; नोकरी नव्हे. मराठी जाहिरातीच्या तळाशी बारीक इंग्रजीत अटी सरकत असतात. जाहिरातींबाबतच्या केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग संस्थांच्या नोकरीच्या खोट्या आश्वासनांवरही बंदी आली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तोच गुन्हा केला तर ५० लाखांपर्यंत.

सगळ्यात महाग पडतो तो हप्त्यांचा गैरसमज. ‘आत्ता काही भरू नका, ईएमआय करून देतो’ हे ऐकून घरचे हुश्श करतात. पण ती फीची सवलत नसते, ते कर्ज असतं. करार बहुतेक वेळा संस्थेशी नसून फायनान्स कंपनीशी होतो. मुलाने क्लास मध्येच सोडला तरी हप्ता आपोआप थांबत नाही, आणि थकला तर सिबिल स्कोअर बिघडतो. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल ज्यांनी घेतली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आधी पैसा, मग तो फिटेपर्यंत बांधिलकी. इथे तर पैसा आपल्या हातात येतही नाही, परस्पर संस्थेकडे जातो.

एचआर शिकूच नये, असं माझं म्हणणं नाही. उचल, हजेरी, मजुरीचा हिशेब, अपघात झाल्यावरची धावपळ हे सगळं ज्या मुलांनी उसाच्या फडावर पाहिलं आहे, त्यांना पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, किमान वेतन हे विषय परके वाटायचं कारण नाही. अशी मुलं एचआरमध्ये यावीत, असं मला मनापासून वाटतं. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावर एचआरचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ घरी राहून पदवी घेऊ देतं.

तेव्हा सही करण्याआधी मान्यता कोणाची, कर्ज कोणाचं आणि मध्येच सोडलं तर पैसे परत किती, हे लेखी मागा. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.