जपानी शिकू या, मराठीचा हात धरून!
सित्रा बेटावरची पाळी संपली की आम्ही काही मंडळी जपानीचे पुस्तक उघडतो. इंग्रजीतून शिकताना सारे वाक्यच उलटे वाटे. एके दिवशी मराठी आधाराला घेतली आणि कोडे सुटले. ‘पुने नि इकिमासु’ म्हणजे ‘पुण्याला जातो’. ‘नि’ म्हणजे आपला ‘ला’, ‘नो’ म्हणजे ‘चा’; क्रियापद शेवटी. शिवाय ‘जातो-जाते’ हा भेदच नाही! आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना हा अक्षरक्रमही भारतीय वर्णमालेच्या प्रभावाने ठरलेला. चिनी मुळाची कांजी अक्षरे मात्र अवघड. ती रोज पाचच गिरवावीत. वाचकहो, मुलांची मराठी जपा. परक्या भाषेचे दारही तिनेच उघडते.