घरचे काम आणि अंगावरचे कपडे

घरी बसून काम करायचे तर कपड्यांचा विचार कशाला, असे पुष्कळांना वाटते. घर आपले, भिंती आपल्या, बघणार कोण? 2020 सालापर्यंत मलाही असेच वाटत होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, महाविद्यालयाला कुलूप लागले आणि आम्ही प्राध्यापक मंडळी मोबाईलवरून शिकवू लागलो. उन्हाळा सोलापूरचा. तो कसा असतो हे आपणांस सांगायला नको. घरात मी बंडी आणि लुंगीवर. तासाची वेळ झाली की खुंटीवरचा शर्ट वरून चढवायचा. खाली लुंगी तशीच. कॅमेऱ्याला छातीपर्यंतच दिसते, मग हरकत काय?

एके दिवशी तोंडी परीक्षा चालू होती. अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातली विद्यार्थिनी पडद्यावर आली. मोबाईल चुलत भावाकडून मागून आणलेला, पाठीमागे पत्र्याची भिंत. पण मुलीने वेणी घट्ट घातली होती आणि कॉलेजला येताना घालायची तोच इस्त्रीचा ड्रेस तिच्या अंगावर होता. तिला एक पुस्तक दाखवावे म्हणून मी कपाटाकडे जायला उठलो. पुढे तिला काय दिसले असेल ते आपण ओळखलेच असेल. मुलगी हसली नाही, काही बोललीही नाही. तिने नुसती मान खाली घातली. घरात बसून तिने परीक्षेचा मान राखला होता, आणि परीक्षक मात्र लुंगीवर होता!

त्यानंतर मी आजूबाजूला जरा नीट पाहू लागलो. घरून काम करणे ही आम्हा पगारदारांना नवलाई वाटली, सोलापूरला नव्हे. इथल्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घरातच माग मांडले. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्याला लुंगी चालत होती. यंत्रमाग आला तसा सैल सोगा धोक्याचा ठरला, कारण तो फिरत्या पट्ट्यात सापडला तर माणसाला ओढून नेतो. काम बदलले, तसा कपडाही बदलावा लागला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहतात. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, घरी बसून बिड्या वळायच्या, आणि माल नेऊन द्यायचा, असा त्यांचा आयुष्यभराचा क्रम. सोलापुरात अशा हजारो स्त्रिया आहेत. सूप मांडीवर घेण्यापूर्वी मावशी साडी बदलतात, हे माझ्या लक्षात आले. मी विचारले, तर म्हणाल्या, "मग काय सर! तंबाखूची साडी निराळी. ती नेसून नातवाला कडेवर घेऊ व्हय?"

तंबाखूची बारीक धूळ कापडात बसते, ती पोराच्या नाकातोंडात जाते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. काम संपले की हातपाय धुवायचे, ती साडी वेगळी टाकायची. आणि माल द्यायला जाताना धुतलेली, नीट निऱ्या घातलेली साडी. कामाचा कपडा, घरचा कपडा आणि चार माणसांत जाण्याचा कपडा, अशा तिन्हींच्या सीमा या बाईंनी एका खोलीत आखल्या आहेत. एम. ए. झालेल्या मला मात्र दोन खोल्यांत एकही आखता आली नव्हती.

कपड्याने बुद्धी वाढते काय? 2012 साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी असा प्रयोग प्रसिद्ध केला की, डॉक्टरांचा म्हणून सांगितलेला पांढरा कोट घातलेल्या माणसांचे लक्ष अधिक एकाग्र झाले. त्याचा बराच गाजावाजा झाला. पुढे 2019 मध्ये इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. तेव्हा कोट चढवला की डोके चालू लागते, या भरवशावर राहू नये. कपड्याचा उपयोग साधा आहे: आता काम सुरू झाले, हे तो आपल्याला सांगतो, घरातल्यांना सांगतो, आणि समोरच्याला सांगतो की तुमच्यासाठी मी तयार होऊन बसलो आहे.

मात्र नीटनेटकेपणाचा अतिरेकही होतो. नभोवाणीचीच गोष्ट घ्या. 1920 नंतरच्या दशकात लंडनच्या बीबीसीचे निवेदक रात्री ध्वनिक्षेपकासमोर बसत ते मेजवानीचा काळा कोट आणि कडक खळीचा सदरा घालून. ऐकणाऱ्यांना त्यातले काही दिसत नव्हते, पण शिस्त म्हणजे शिस्त! स्टुअर्ट हिबर्ड हे तिथले नामांकित निवेदक. बातम्या वाचताना त्यांच्या सदऱ्याची कडक छाती करकरते, असे यंत्रज्ञांनी त्यांना एकाहून अधिक वेळा सांगितले होते. करकरणारा कपडा कामात व्यत्यय आणतो. सुखाचा आणि व्यवस्थित, दोन्ही साधायचे तर कापडाकडे वळले पाहिजे.

सूत ओलावा पिते. ठराविक प्रमाणित हवेत 100 ग्रॅम कोरडे सूत सुमारे 8.5 ग्रॅम पाणी धरते. पॉलिएस्टर जेमतेम 0.4 ग्रॅम. म्हणून उन्हाळ्यात पॉलिएस्टरचा शर्ट अंगाला चिकटतो आणि सुती सदरा घाम टिपतो. टेरीकॉट या दोहोंच्या मधला. मग सगळे सुतीच का वापरत नाहीत? चुण्यांमुळे! सुताचा तंतू लांबलांब साखळ्यांचा बनलेला असतो आणि त्या साखळ्या एकमेकींना हलक्या बंधांनी धरून असतात. घामाच्या ओलाव्याने ते बंध सुटतात, आणि कापड दुमडलेले असतानाच वाळले की दुमडलेल्या जागीच पुन्हा जुळतात. झाली चुणी! इस्त्री तेच उलट करते: पाणी शिंपडून बंध सोडवायचे, आणि उष्णतेने कापड सपाट असतानाच वाळवायचे. वीज गेली असेल तर? धुतलेला सदरा पिळू नका. झटकून, शिवण ओढून वाळत घाला, आणि किंचित दमट असताना घडी घालून गादीखाली ठेवा. आमच्या आजीच्या घरी पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री होई. खळ हवीच असेल तर पातळ द्या. दाट खळीने कापडाची छिद्रे बुजतात आणि वारा आत शिरत नाही.

खाली काय घालावे? मांडी घालून तासन् तास बसणाऱ्याला तंग पँट गुडघ्यात आणि पोटाशी काचते. सैल सुती पायजमा उत्तम; उठून दार उघडायला गेले तरी चारचौघांत शोभतो. तेवढे सांगण्याचा अधिकार मी अनुभवाने कमावला आहे.

शिक्षिकांची गोष्ट निराळी. पुरुष खोलीत बसला की घर म्हणते, कामात आहेत. बाई गाऊनवर ओढणी टाकून मोबाईलसमोर बसली, तर शेजारीण साखर मागते आणि सासूबाई दूध उतू गेल्याचे सांगतात. माझ्या परिचयाच्या एका प्राथमिक शिक्षिकेने तासाच्या वेळी शाळेची सुती साडी नेसायला सुरुवात केली, तेव्हा कुठे घरातल्या हाका कमी झाल्या. त्यात एक सुरक्षेचाही मुद्दा आहे. दोन तासांच्या मध्ये गॅसवरची भाजी परतायला जाणे तिला चुकत नाही. नायलॉन-पॉलिएस्टर पेटले की वितळून कातडीला चिकटते. सूतही पेटते, परंतु वितळत नाही. कापड कुठलेही असो, शेगडीपाशी जाताना पदर खोचा आणि ओढणी काढून ठेवा.

आजही शिक्षकांच्या सभा आणि प्रशिक्षणे मोबाईलवर होतात, म्हणून कॅमेऱ्याविषयी दोन शब्द. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकड्यांचा कपडा पडद्यावर लहरल्यासारखा दिसतो. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यामुळे कॅमेरा प्रकाश कमी धरतो आणि आपला चेहरा काळवंडतो. एकरंगी, फिकट निळा किंवा पिवळसर कपडा घ्यावा आणि दाराकडे तोंड करून बसावे.

माझ्या दाराआड आता दोन खुंट्या आहेत. एकीवर तासाचा सदरा आणि पायजमा. तास संपला की ते पुन्हा तिथे जातात आणि दुसरीवरची लुंगी खाली येते. मावशींकडेही खुंट्या दोनच. तंबाखूची साडी मात्र त्या दाराबाहेरच्या दोरीवर टाकतात.