फिरोजशहा मेहता : वकिलीतून नगरकारभाराकडे

लंडनच्या लिंकन्स इन या कायदेशिक्षणाच्या संस्थेतून १८६८ साली बॅरिस्टर होऊन परतलेल्या फिरोजशहा मेहतांनी (१८४५–१९१५) गुजरात-काठेवाडातील खटल्यांवर वकिलीचा जम बसवला. तथापि त्यांची खरी कर्मभूमी मुंबईची नगरपालिकाच ठरली. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या उधळपट्टीविरुद्ध १८७१ साली करदाते खवळले असता, कार्यकारी सत्ता एकाच अधिकाऱ्याकडे ठेवावी, मात्र तिच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा अंकुश असावा, अशी त्या वेळी अप्रिय ठरलेली भूमिका त्यांनी मांडली. पुढे १८७२ च्या कायद्यात हे तत्त्व अर्धवट उतरले आणि ज्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता व जो अनेक दुरुस्त्यांसह अद्याप लागू आहे, त्या १८८८ च्या अधिनियमात ते अधिक पक्के झाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग व बद्रुद्दीन तय्यबजी या वकील मित्रांसह त्यांनी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापली. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. ते नेमस्तांचे, म्हणजे सनदशीर मार्गाने सुधारणा मागणाऱ्यांचे, पुढारी खरे. परंतु १९०१ साली जमीनमहसूल कायद्यातील दुरुस्तीच्या निषेधार्थ त्यांनी मुंबई कायदेमंडळातून सहकाऱ्यांसह सभात्याग केला, ही गोष्ट त्यांना निव्वळ सरकारधार्जिणे ठरवणारे टीकाकार सहसा नजरेआड करतात.